खाकरून कूलर बंद करणारा बद्रीनाथ

आमच्या गल्लीत बद्रीनाथ राहतो आणि उन्हाळ्यात रोज संध्याकाळी तो माझा एसी बंद करतो. माझ्या घरात येऊन नव्हे. इथून लांब, शहराच्या दुसऱ्या टोकाला, वीज कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये खुर्चीवर बसून. मी दिवसभर गुलमंडीतल्या दुकानात कापडाची ठाणं उलगडतो आणि परत गुंडाळतो, स्कूटरवर भाजत पडेगावला येतो, बनियनवर आडवा होतो, आणि पाठ जरा कुठं गार व्हायला लागते तोच एसी मुका होतो. दिवा जळत असतो, पंखा फिरत असतो, एसी तेवढा गप्प. पंधरा-वीस मिनिटांनी त्याचा तो चालू होतो.

"बद्रीनाथनं बंद केला," असं मी बायकोला सांगतो. ती "हं" म्हणते. शेजाऱ्यानं फाटक लोटून घेतलं, इतपतच त्याचं कौतुक आता आमच्याकडं उरलंय.

खरी गंमत पुढं आहे. बटण दाबायच्या आधी हा माणूस खाकरतो. मोठ्यानं नाही, घशातल्या घशात, पण दर वेळी. त्याला खोकला झालाय असं वाटून ऑफिसातल्या इंजिनियर मुलीनं त्याला महिनाभर गोळ्या आणून दिल्या. त्यानं त्या मुकाट्यानं चघळल्या. समोरच्यानं प्रेमानं दिलेलं नको म्हणणं बद्रीनाथला जमत नाही. रिक्षाचं चाक त्याच्या पायावरून गेलं तर हा रिक्षावाल्यालाच विचारेल, "गाडीला काही लागलं नाही ना भाऊ?"

खाकरण्याचं मूळ त्याच्या गावात आहे. गंगापूर तालुक्यातलं लहानसं गाव, घरची ऊस-कापसाची शेती, मोठं खटलं. तिथं पुरुषमाणूस स्वतःच्या घरात शिरतानासुद्धा उंबऱ्याशी थांबून खाकरायचा. आत सुना असतात, कुणी केस विंचरत असतं, कुणी लेकराला पाजत बसलेलं असतं. खाकरायचं, घटकाभर थांबायचं, आतून "या" आलं की मग पाऊल टाकायचं. बद्रीनाथनं हे बापाकडून उचललं आणि शहरात आला तरी सोडलं नाही.

शहरात तो मीटर रीडर होता. घरोघर जाऊन मीटरचे आकडे घ्यायचे. त्याच्या जोडीचे लोक कंपाउंडवरून मान लांब करून आकडा वाचायचे आणि पुढं पळायचे. बद्रीनाथ दारात उभा राहून खाकरायचा. आतून कुणी बोललं नाही तर परत खाकरायचा. कुणाचं मीटर गॅसच्या सिलिंडरमागं आहे, कुणाच्या मीटरच्या पेटीत पालीचा संसार आहे, सगळं त्याला ठाऊक. माझी बायको रत्नमाला त्याला ताक द्यायची. समोरच्या घरातली म्हातारी त्याच्याकडून गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख वाचून घ्यायची. एका गल्लीला त्याची अख्खी सकाळ जायची आणि वरून साहेबाची बोलणी मिळायची, पण बडीशेप चघळत तो खुशीत असायचा.

मग नवीन मीटर आले. ते आपला आकडा आपणच ऑफिसला कळवतात. बद्रीनाथ कायम नोकरीत होता म्हणून त्याला कंट्रोल रूममध्ये स्क्रीनसमोर बसवलं. गार हवा, फिरती खुर्ची, उन्हातान्हात हिंडणं बंद. मी म्हणालो, "मजा आहे तुझी." तो म्हणाला, "व्हय शेठ. पण आता कुणाच्या दारात जायला कारणच राहिलं नाय." तोंड असं केलं की जसं काही मुलगी सासरी पाठवलीय.

ते कारण त्याला पुन्हा मिळालं आमच्या डीपीमुळं. डीपी म्हणजे गल्लीच्या कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर. आधीच्या मे महिन्यात तो जळाला होता. लोकांनी एसी घेतले, कूलर मोठे केले, आणि त्यात आला पाण्याचा दिवस. आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं. ते आलं की गल्लीतल्या झाडून सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात. डीपीनं किती सोसायचं? धूर निघाला आणि तीन दिवस गल्ली अंधारात बसली. मोटारी बंद, टाक्या कोरड्या, आणि आलेलं पाणी नळातून करंगळीएवढं गळून निघून गेलं. टँकरपुढं हंडा घेऊन मीही उभा राहिलोय, पोट सावरत. ते दिवस आठवले की मला अजून संताप येतो.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर कंपनीनं नवी योजना काढली. एसी, कूलर, मोटार यांच्या वायरीवर एक पांढरा डबा बसवायचा. वीज फार ओढली जायला लागली की कंट्रोल रूममधून पाळीपाळीनं ती यंत्रं थोडा वेळ बंद करायची. आज आधी तुमचा कूलर, मग माझा एसी, मग तिसऱ्याची मोटार. दिवे-पंखे चालू. बिलात थोडी सूट, आणि डीपी शाबूत.

लोक बिथरले. आज कूलर बंद करतील, उद्या फ्रिज बंद करतील, असं चालू झालं. म्हणून कंपनीनं ओळखीचा माणूस पाठवला. बद्रीनाथ माझ्या दारात येऊन खाकरला, आत आला आणि सगळं समजावून सांगितलं.

मी भडकलो. "माझा एसी बंद करायला तू काय माझा बाप लागून गेलास का रे?"

"बाप नाय शेठ, शेजारी हाय," तो म्हणाला.

मी पेन मागितलं आणि सही केली.

पण माझ्या सहीला गल्लीत विचारतो कोण! आमच्याकडं शब्द चालतो दगडाबाईंचा. गल्लीच्या टोकाला निळ्या दाराचं घर त्यांचं. सत्तरी कधीच ओलांडली, तरी आवाज खणखणीत. चौदा एप्रिलला पांढरी स्वच्छ साडी नेसून त्या गल्लीच्या पुढं चालतात तेव्हा माझ्यासारखा दुकानदारही शटर अर्धं ओढून बघायला थांबतो. टँकरच्या रांगेत भांडण लागलं तर त्या नुसत्या उठून उभ्या राहिल्या तरी मिटतं. त्यांनी हो म्हटलं की गल्ली हो म्हणणार, त्यांनी नाही म्हटलं की बद्रीनाथनं घरी जाऊन झोपावं.

"चला की शेठ माझ्यासंगं," तो मला म्हणाला. "आजींकडं एकट्याला जायचं जरा भ्या वाटतं."

दार उघडंच होतं. बद्रीनाथ उंबऱ्याशी थांबून खाकरला.

"कडी वाजव," आतून आवाज आला.

त्यानं दाराची पितळी कडी वाजवली. उघड्या दाराची. घासून घासून सोन्यासारखी केलेली कडी.

"ये आता."

"जय भीम, आजी," म्हणत तो आत गेला, मागून मी. दगडाबाई बाजेवर बसून तांदूळ निवडत होत्या. त्यानं डबा दाखवला, योजना सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी तू तिकडं बसून माझ्या घरातला कूलर बंद करनार."

"व्हय आजी. पंधरा-वीस मिनिटंच."

"मला न इचारता."

 त्यांनी तांदळाचं ताट बाजूला सरकवलं.

"आमच्या गावाकडच्या घराला दार नव्हतं, बाबा. गोनपाट लावलेलं. रस्त्यानं जानारा कोनीबी काठीनं गोनपाट सारायचा अन् म्हनायचा, दगडे, चल कामाला. मी जेवत असंन, निजलेली असंन, लेकराला पाजत असंन. मग हे शहरात आले, कारखान्यात लागले, ही जागा घेतली. भिताडं पुरी व्हायच्या आधी ह्यांनी दार बसवलं अन् गुलमंडीतून ही कडी आनली. म्हनले, आता जो येईल तो आधी कडी वाजवंल." त्यांनी डब्याकडं बोट केलं. "तुझं ते बटन मला त्या काठीवानी वाटायलंय."

त्यांचं गाव आणि बद्रीनाथचं गाव एकमेकांना लागून. हे त्याला माहीत होतं, त्यांना माहीत होतं, आणि मलाही. काठी कुणाच्या हातातली होती ते कुणी विचारलं नाही. बद्रीनाथचे कान लाल झाले होते. मला तिथून उठून जावंसं वाटलं, खोटं कशाला सांगू.

"आजी," तो म्हणाला, "तुम्हाला विचारल्याबिगर तुमच्या घरातल्या कशालाच हात लावणार नाय. शब्द देतो."

त्यांनी ताट परत मांडीवर ओढलं. "मंग लाव तुझा डबा."

दुसऱ्या दिवशी अख्ख्या गल्लीनं सह्या केल्या.

आणि बद्रीनाथनं शब्द पाळायला सुरुवात केली. एकट्या दगडाबाईंना कसं विचारणार, म्हणून तो सगळ्यांना विचारायला लागला. फोन यायचा: "शेठ, बद्रीनाथ बोलतोय. जरा एसी बंद करू का?" मी म्हणायचो, "कर बाबा कर." कुणी म्हणायचं, पाच मिनिटं थांब, पाहुणे आलेत. हा थांबायचा. कुणी म्हणायचं, आवाज बसलाय तुझा, हळदीचं दूध घे. हा रात्री हळदीचं दूध घ्यायचा. नाही असं कुणीच म्हणालं नाही. गल्लीला तो परत मिळाला होता, दारात नाही तर फोनवर.

घोटाळा झाला तो आमच्या चांगुलपणातून. फोन आला की आमची रत्नमाला पदर खोचायची. "भाऊजी बंद करणारेत, त्यांना परत त्रास नको, आधीच उरकून घेते." की लावली मोटार, फिरवला मिक्सर, तापवली इस्त्री. शेजारीण तेच करायची. तिची शेजारीणही तेच. मी एसी अठरावर आणून ठेवायचो, म्हणजे थंडी साठून राहते. बद्रीनाथला अडचण नको म्हणून अख्खी गल्ली त्याच्या फोननंतर पाच मिनिटांत जी वीज ओढायची, तेवढी एरवी तासाभरात ओढत नसेल.

आणि एका पाण्याच्या दिवशी, लोकांची गैरसोय नको म्हणून, त्यानं नेहमीपेक्षा लवकर फोन लावले. सगळ्यांना एकदमच भरपूर वेळ मिळाला. कोपऱ्यावर धाडकन आवाज झाला आणि गल्ली काळोखात बुडाली.

आम्ही सगळे बाहेर आलो. "बद्रीनाथनं बंद केलं का?" कुणीतरी विचारलं.

"त्यानं कशाला करायला पाहिजे? आपणच केलं," मी म्हणालो. माझी टाकी अर्धी भरली होती आणि डोकं पूर्ण तापलं होतं.

नशीब, फ्यूजवर भागलं, सकाळी वीज आली. पण साहेबानं बद्रीनाथला बोलावलं आणि स्पष्ट सांगितलं: फोन बंद. न सांगता बटण दाबायचं. या गल्लीची डीपी पुन्हा गेली तर डबे काढून दुसरीकडं बसवू.

त्या रविवारी तो माझ्याकडं आला. रत्नमालानं पोहे ठेवले, त्यानं हात लावला नाही. पोह्यांना नाही म्हणणारा बद्रीनाथ मी पहिल्यांदा पाहत होतो.

"शेठ, आजीला शब्द दिलाय."

"दिलाय तर दिलाय. दाब बटण," मी म्हणालो. "म्हातारीला काय कळणार आहे? कूलर आपोआप थांबला म्हणेल."

"त्यांना नाय कळलं तरी मला कळंल की."

"मग डबे जाऊ दे. परत टँकरपुढं उभे राहू."

"ते बी नको." आणि तो उठून गेला. एकीकडं गल्लीचं पाणी, एकीकडं त्याचा शब्द, आणि मधे हा, ज्याला कुणालाच नाही म्हणता येत नाही.

त्यानं काढलेली वाट अगदी त्याच्यासारखी होती. आम्हा सगळ्यांचं तो न विचारता बंद करायला लागला, तेव्हाच ते खाकरणं सुरू झालं. पण दगडाबाईंचं घर त्यानं पाळीतून गुपचूप वगळलं. त्यांचा कूलर अखंड चालू. म्हणजे शब्दही राहिला आणि हुकूमही. आम्हाला कुणाला पत्ता नव्हता. फक्त फोनची सवय लागलेली गल्ली थोडी उदास झाली. "भाऊजींचा हल्ली फोन येत नाही," रत्नमाला म्हणायची, आणि मलाही एसी असाच बंद झाला की आपल्याला कुणी मोजत नाही असं वाटायचं. भेटला की मी त्याच्यावर चिडायचो, तो हसायचा, आणि माझा राग आणखी वाढायचा.

हे उघडकीला आणलं रूपानं. तीच ती गोळ्या देणारी इंजिनियर. सिडकोतली चुणचुणीत मुलगी. तिच्या लक्षात आलं की या गल्लीतलं एक घर कधीच बंद होत नाही. डबा बिघडला असणार म्हणून ती बद्रीनाथला घेऊन दुरुस्तीला आली. 

मी तेव्हा दगडाबाईंकडंच होतो. त्यांचा नातू सम्यक याला मुलगी झाली होती, संस्कृती नाव ठेवलेलं, आणि रत्नमालानं दुकानातल्या उरलेल्या मलमलीची झबली शिवली होती ती द्यायला आम्ही दोघं गेलो होतो. बाळाला उन्हानं घामोळं आलं होतं. पाळणा कूलरच्या झोतात होता. रूपा सरळ आत आली. बद्रीनाथ उंबऱ्याशीच थांबला.

"आजी, तुमचा डबा बिघडलाय," ती म्हणाली. "गल्लीत सगळ्यांचं बंद होतं, तुमचा कूलर एकदाही बंद झाला नाही."

दगडाबाईंनी तिच्याकडं पाहिलंच नाही. दाराकडं पाहिलं.

"एकदाबी नाय, बद्रीनाथ?"

"नाय आजी."

"बाकीच्यांचा व्हतो?"

"व्हतो."

"अन् माझं घर तेवढं येगळं काढलंस."

हे त्या इतक्या हळू म्हणाल्या की रत्नमालानं माझा हात धरला. बद्रीनाथनं कशाकशाची कल्पना केली असेल, पण हे त्याच्या डोक्यात आलेलं नव्हतं. त्याचा चेहरा उतरला.

"फोन बंद करायला लावले, आजी," तो म्हणाला. "विचारायला काय सोयच राहिली नाय. अन् विचारल्याबिगर दाबणार नाय म्हणून शब्द दिला होता तुम्हाला. म्हणून मी..."  डोळे भरले होते, ते त्यानं बाहीनं पुसले.

"गल्ली उकाड्यात बसंल अन् मी गार वाऱ्यात, असलं मला नगं," दगडाबाई म्हणाल्या. "सगळ्यांसंगं माझंबी बंद कर. पन आधी कडी वाजव. इचारायचं, अन् येगळं काढायचं नाय. एवढंच तर म्हनायले."

रूपा कधी त्यांच्याकडं बघत होती, कधी बद्रीनाथकडं. "काका," ती एकदम म्हणाली, "म्हणजे तुम्ही बटण दाबताना जे खाकरता ते... आणि मी तुम्हाला गोळ्या देत होते!"

"लई गोड होत्या मॅडम," बद्रीनाथ म्हणाला.

आधी रत्नमाला हसली, मग मी, आणि शेवटी दगडाबाईसुद्धा. रूपा हसता हसता भिंतीवरच्या डब्याकडं वळली आणि विचार करायला लागली. त्या डब्यात बारीक भोंगा होता. बसवताना तपासणीपुरता वाजवायचा आणि मग बंद करून ठेवायचा, लोकांना त्रास नको म्हणून. तो बटणाच्या आधी अर्धा मिनिट वाजवता येईल, ती म्हणाली. अर्ध्या मिनिटात कुणी मोटार लावायला जाऊ शकत नाही की इस्त्री तापत नाही. आणि डब्यावर एक लहान बटण होतंच. ते दाबलं की तेवढी पाळी टळते. डबे बसवताना ते सगळ्यांना दाखवलं होतं, पण बद्रीनाथचा फोन येत असताना बटण लक्षात ठेवतो कोण!

"म्हंजी नगं म्हनायची मुभा," दगडाबाई म्हणाल्या.

"हो आजी. पण सगळ्यांनीच दाबलं तर..." रूपानं वाक्य अर्धंच सोडलं.

साहेबाला पटवायला तिला बरेच दिवस लागले. शेवटी तो म्हणाला, एक पाण्याचा दिवस बघू. लोकांनी बटणं दाबून पाळ्या टाळल्या आणि डीपी गेली, तर डबे काढायचे. बद्रीनाथनं गल्लीत कुणाला काही सांगायचं नाही, फोन नाही, निरोप नाही. भोंगा वाजेल, नको असेल तर बटण दाबा, एवढी चिठ्ठी बिलासोबत आली, बस.

तो दिवस आला. ऊन असं की संध्याकाळीसुद्धा भिंतीला हात लाववत नव्हता. नळाला पाणी आलं, मोटारी घरघरायला लागल्या, एसी चालू, कूलर चालू. बद्रीनाथ दुपारीच ड्यूटीवर गेला होता. जाताना माझ्याकडं बघून नुसतं हसला, ते हसू मला अजिबात आवडलं नाही.

आम्ही दोघं पुन्हा दगडाबाईंकडं गेलो. रत्नमालाला बाळ बघायचं होतं, आणि मला, खरं सांगायचं तर, घरी एकट्यानं त्या डब्यासमोर बसायचं नव्हतं. माझ्या बोटाचा मला भरवसा नव्हता. संस्कृती दुपारभर घामोळ्यानं किरकिर करून आत्ताच झोपली होती. सम्यकची बायको पाळण्याची दोरी हातात धरून बसलेली, स्वतः घामानं निथळत होती.

आणि डबा वाजला. ट्यांव-ट्यांव नव्हे. खर्रर्र... खर्रर्र. रूपानं आवाज मुद्दाम तसा लावला की तो मुळात तसा होता, मला माहीत नाही. पण उंबऱ्याशी उभं राहून बद्रीनाथ खाकरतो ना, अगदी तसा.

सम्यकची बायको ताडकन उठली. "आज्जी, बाळ आत्ताच निजलंय हो!" तिचा हात त्या लहान बटणाकडं गेला.

"थांब."

दगडाबाई बाजेवर सावरून बसल्या. पदर नीट केला. डब्याकडं नाही, दाराकडं बघितलं, तिथं कुणी उभं असल्यासारखं.

"ये बाबा," त्या म्हणाल्या.

कूलर थांबला. खोली एकदम शांत झाली. बाळानं ओठ हलवले, एक मूठ वर केली, आम्ही सगळ्यांनी श्वास धरला, आणि ते परत झोपलं. दगडाबाईंनी कोपऱ्यातला विंझणा घेतला आणि पाळण्यावर वारा घालायला लागल्या.

शेजारच्या घरातून तसाच आवाज आला. खर्रर्र. पाठोपाठ बाईमाणसाचा आवाज, "हां हां, करा!" मग समोरच्या घरातून. "व्हय रे बाबा, कर बंद!" कुणी हसत होतं, कुणी उगीच ओरडून सांगत होतं. एकेक मोटार थांबत होती, दुसरी सुरू होत होती, आणि त्या सगळ्यात कोपऱ्यावरची डीपी गुणगुणत उभी होती. माझ्याही घरात डबा वाजला असेल आणि कुणी उत्तर दिलं नसेल, याचंच मला वाईट वाटलं. रत्नमालाला मी तसं म्हणालो. ती म्हणाली, "उद्या द्या की उत्तर."

टाक्या भरल्या. डीपी टिकली. कूलर परत सुरू झाला तेव्हा बाळाची झोप मोडली नव्हती.

जेवणाच्या वेळेला बद्रीनाथ ड्यूटीवरून आला. घरी न जाता थेट या टोकाला. गल्लीतल्या एकाही घरानं नकाराचं बटण दाबलं नाही, एवढं त्याला स्क्रीनवर दिसलं होतं. कुणी काय म्हणालं ते दिसायची सोय नाही. दगडाबाईंनी कूलर थांबल्यावर काय केलं, त्या रागावल्या का, हे विचारायचं होतं, आणि विचारायचा धीर नव्हता. म्हणून तो उंबऱ्याशी उभा राहिला आणि नेहमीसारखा खाकरला.

"आता कशाला खाकरतोस?" आतून दगडाबाई म्हणाल्या. "मघाशीच येऊन गेलास की. चल, च्या टाकलाय."

बद्रीनाथ तसाच उभा राहिला. अंधारात त्याचा चेहरा मला नीट दिसला नाही, पण बडीशेप चघळायचा तो थांबला होता. मग त्यानं हात पुढं करून कडी वाजवली आणि आत आला.